मूळ पोथीचा शोध

श्रोतेहो, शिरूर तालुक्यात भीमेच्या काठी वडगाव रासाई नावाचे गाव आहे. तेथून नदी ओलांडून दौंड तालुक्यात उतरले, की काही मैलांवर केडगाव लागते. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या आगगाडीच्या प्रवाशांना हे स्थानक ठाऊक असतेच. परंतु ह्या कोरडवाहू मुलखात एके काळी इब्री आणि ग्रीक ह्या दोन प्राचीन भाषांचा अभ्यास अखंड सतरा-अठरा वर्षे चालू होता, हे पुष्कळांच्या कानी गेलेले नसते. तो अभ्यास करणाऱ्या विदुषी होत्या पंडिता रमाबाई. त्यांच्या समाजकार्याविषयी महाराष्ट्रात विपुल बोलले गेले आहे, आणि त्यांच्या धर्मांतराविषयी त्याहूनही अधिक. आज मला त्यांच्याकडे एका निराळ्या बाजूने पाहावयाचे आहे. बायबलचा शास्त्रीय अभ्यास म्हणून जी विद्या युरोपात उदयास आली, तिच्या इतिहासात केडगावचे स्थान कोणते, हा आपला प्रश्न आहे.

प्रथम ही विद्या म्हणजे काय ते पाहू. एखाद्या ग्रंथाचे पारायण करणे वेगळे आणि त्याची परीक्षा करणे वेगळे. पारायण करणारा ग्रंथापासून बोध घेतो. परीक्षा करणारा विचारतो, की हा ग्रंथ कोणी, केव्हा आणि कोणत्या भाषेत रचला. त्याच्या निरनिराळ्या पोथ्यांत पाठभेद कोणते. त्यांपैकी जुना पाठ कोणता आणि मागाहून घुसलेला कोणता? युरोपात शेकडो वर्षे बायबल वाचले जाई ते लॅटिन भाषांतरातून आणि धर्मपीठाने ठरविलेल्या अर्थाने. १५१६ साली इरॅस्मसने नव्या कराराची ग्रीक संहिता छापून प्रसिद्ध केली, तेव्हा भाषांतराच्या मागे मूळ शब्द आहे आणि तो तपासून पाहता येतो, ही गोष्ट सामान्य पंडितांच्या हाती आली. १६७८ साली रिशार सिमाँ ह्या फ्रेंच पाद्र्याने जुन्या कराराचा चिकित्सक इतिहास लिहिला. त्याला त्याच्या संप्रदायातून बाहेर काढण्यात आले. १७५३ साली झां आस्त्र्यूक नावाच्या एका वैद्याने ‘उत्पत्ति’ ह्या पहिल्याच पुस्तकाविषयी एक साधी पण मार्मिक गोष्ट दाखवून दिली. त्यात ईश्वराला काही प्रकरणांत एक नाव आहे, तर काहींत दुसरे. आपल्या प्रचलित मराठी बायबलातही पहिल्या अध्यायात ‘देव’ असून दुसऱ्या अध्यायात ‘परमेश्वर देव’ येतो, हे कोणासही पडताळून पाहता येईल. आस्त्र्यूकचा तर्क असा, की ग्रंथकर्त्यापुढे निरनिराळी जुनी साधने असली पाहिजेत. ह्या एका धाग्यावरून पुढे जर्मन विद्यापीठांत मोठे शास्त्र विणले गेले. १८७८ साली यूलियुस वेलहाउझेनने मोशेच्या नावावर असलेली पाच पुस्तके निरनिराळ्या शतकांतील चार प्रवाहांच्या संगमातून झाली, असे मत मांडले. त्या मतात पुढील पंडितांनी पुष्कळ फेरफार केले. परंतु प्रश्न विचारण्याची रीत मात्र कायम झाली.

ह्या रीतीची किंमत अभ्यासकांना द्यावी लागली. स्कॉटलंडात अ‍ॅबर्डीन येथे विल्यम रॉबर्टसन स्मिथ ह्यांना विश्वकोशातील आपल्या लेखांपायी १८८१ साली इब्रीच्या अध्यापकपदावरून दूर व्हावे लागले. वेलहाउझेन ह्यांनी तर दुसऱ्याच वर्षी धर्मशास्त्राचे आपले अध्यापकपद स्वतःहून सोडले. ही दोन्ही माणसे धर्मद्वेष्टी नव्हती. आपल्याला जो ग्रंथ पूज्य, त्याचीच परीक्षा करण्याचे धैर्य त्यांनी दाखविले, एवढाच त्यांचा अपराध.

आता मराठी मुलखाकडे वळू. ख्रिस्तकथा मराठीत आली ती प्रथम काव्यरूपाने. फादर स्टीफन्स ह्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. बायबलच्या भाषांतराचा उद्योग मात्र बंगालात सुरू झाला. श्रीरामपूर येथे विल्यम केरी ह्यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ साली संपूर्ण नवा करार मराठीत छापला. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२६ साली नवा करार काढला, आणि १८४७ साली संपूर्ण बायबल मराठीत उपलब्ध झाले. मूळ भाषेचे अध्ययनही अगदीच नव्हते असे नाही. डॉ. जॉन विल्सन ह्यांनी १८३२ साली इब्री भाषेचे लहानसे व्याकरण मराठीत रचले, ते कोकणातील बेने इस्राएल लोकांसाठी. ज्यांना आपण शनिवार तेली म्हणून ओळखत होतो, त्या समाजाची मातृभाषा मराठी आणि धर्मभाषा इब्री. त्यांच्यातच जोसेफ इझीकेल राजपूरकर हे विद्वान निपजले. मुंबईच्या ससून शाळेचे ते मुख्याध्यापक आणि विद्यापीठाचे इब्रीचे परीक्षक होते. आपल्या समाजाच्या प्रार्थना त्यांनी मराठीत आणल्या. तथापि बायबलची जी भाषांतरे छापली गेली, त्यांची सूत्रे परदेशी मिशनऱ्यांच्याच हाती राहिली. एतद्देशीय पंडित शब्द पुरवीत. अर्थाचा निर्णय साहेब करीत.

रमाबाईंचे कार्य ह्या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने मुलीला. कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडले. दुष्काळात आईबाप गेले. भावासह रमाबाई १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या, तेव्हा तेथील पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. परंतु पुराणांत पारंगत झालेल्या ह्या बाईंनी वेद पाहिलाही नव्हता, कारण स्त्रियांना तो अधिकार नाही, हीच शिकवण त्यांना मिळालेली होती. केशवचंद्र सेन ह्यांनी वेदाची प्रत त्यांच्या हाती ठेवून तो वाचावयास सांगितले. मूळ ग्रंथाला स्वतः हात घालावयाचा, मध्यस्थाच्या शब्दावर विसंबावयाचे नाही, हा धडा येथून सुरू झाला.

१८८३ साली त्या इंग्लंडात गेल्या आणि तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुष्कळांची समजूत अशी, की त्यांनी एका धर्माचे जू काढून दुसऱ्याचे खांद्यावर घेतले. त्यांचा पत्रव्यवहार ही समजूत खोटी ठरवितो. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असा त्यांचा आक्षेप होता. वॉन्टेजच्या धर्मभगिनींना त्यांनी त्रैक्यासारख्या सिद्धान्तांविषयी इतके प्रश्न विचारले, की त्या भगिनी हतबुद्ध झाल्या. संप्रदाय सांगतो म्हणून नव्हे, तर ग्रंथात असेल तेवढेच मानीन, ही त्यांची भूमिका होती. शास्त्रार्थात वाढलेल्या मुलीला ती स्वाभाविकच म्हटली पाहिजे.

पुढील इतिहास श्रोत्यांना परिचित आहे. १८८९ साली मुंबईत शारदासदन निघाले, दुसऱ्या वर्षी ते पुण्यास आले, आणि १८९३ साली धर्मांतराच्या आरोपावरून मोठे वादळ उठले. ‘केसरी’ने त्या संस्थेवर कठोर प्रहार केले. नंतर दुष्काळ आणि प्लेग आला, आणि केडगावच्या माळावर शेकडो अनाथ मुलींचे ‘मुक्तिसदन’ उभे राहिले. ह्या मुली खेड्यापाड्यांतल्या. रमाबाईंना आढळून आले, की प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा त्यांच्या डोक्यावरून जाते. म्हणून १९०५ च्या सुमारास त्यांनी नव्या भाषांतराचा संकल्प केला, आणि तो इंग्रजीवरून नव्हे, तर मूळ इब्री आणि ग्रीकवरून. तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस होते.

इब्री शिकणे म्हणजे काय, ह्याची कल्पना मोडी वाचणाऱ्यास थोडी येईल. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. संदर्भाने शब्द ओळखावा लागतो. प्राचीन इब्रीत व्यंजनेच लिहीत. स्वरांच्या खुणा शतकानुशतकांनंतर पंडितांनी बसविल्या. शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूपासून बनतात. धातुपाठावर वाढलेल्या पंडितेला ही रचना अगदीच परकी वाटली नसावी. तरीही शेकडो मुलींच्या अन्नवस्त्राची चिंता वाहताना एकोणचाळीस पुस्तकांचा जुना करार आणि सत्तावीस पुस्तकांचा नवा करार शब्दशः लावणे, हे तपच होय. जुळारी आणि छपाई करणाऱ्याही आश्रमातल्याच स्त्रिया. १९२१ साली कन्या मनोरमा निवर्तली. काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला, त्यापूर्वी भाषांतर पुरे झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली मुक्तिसदनाच्या छापखान्यातून बाहेर पडला.

संपूर्ण बायबलचे भाषांतर करणारी जगातील पहिली स्त्री म्हणून रमाबाईंचा गौरव कधी कधी केला जातो. तो बरोबर नाही. अमेरिकेत जूलिया स्मिथ ह्यांनी १८७६ सालीच असे भाषांतर स्वखर्चाने छापले होते. रमाबाईंचे भाषांतर मराठी मंडळ्यांत रूढही झाले नाही; तेथे बायबल सोसायटीचीच प्रत चालू राहिली. आणि आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. वेलहाउझेनचा मार्ग रमाबाईंचा नव्हता. त्यांना तो ग्रंथ ईश्वरदत्त होता. मूळ शब्दापर्यंत त्या गेल्या. तो शब्द कोणाच्या हातून, कोणत्या शतकात आला, हा प्रश्न त्यांचा नव्हता.

तो प्रश्न महाराष्ट्रात दुसऱ्यांनी विचारला, पण दुसऱ्या ग्रंथाविषयी. भगवद्गीतेने बायबलातून उसने घेतले आहे, असे जर्मन पंडित लोरिन्सर ह्यांनी १८६९ साली प्रतिपादले. त्याला काशीनाथ त्र्यंबक तेलंगांनी १८७५ साली सप्रमाण उत्तर दिले. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेले लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ उघडून पाहा. ‘गीतेचे बहिरंगपरीक्षण’ ह्या परिशिष्टाचा शेवटचा भाग गीता आणि ख्रिस्ती बायबल ह्यांविषयीच आहे. युरोपीय चिकित्सेला ‘बहिरंगपरीक्षण’ असे समर्पक मराठी नाव तेथे सापडते. १८९३ सालचे प्रतिपक्षी! १९१० च्या हिवाळ्यात एक मंडालेस गीतेची परीक्षा करीत होते, दुसऱ्या केडगावास इब्री संहिता लावीत होत्या. दोघांच्या विद्या एकमेकींना पूरक होत्या; पण त्या दोघांत संवाद होण्याचा काळ केव्हाच निघून गेला होता.

रमाबाईंच्या हयातीतच, १९१९ साली, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला आरंभ झाला. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखठणकर ह्यांनी तिची धुरा वाहिली. बर्लिनमध्ये शिकून आलेल्या ह्या पंडितांनी काश्मीरपासून केरळापर्यंतच्या पोथ्या जमवून, ताडून, संहिता निश्चित केली. महाभारत लिहून घेणारा गणपती आपल्या घरोघरी परिचित. परंतु जुन्या पोथ्यांचा आधार मिळाला नाही म्हणून ती कथा मूळ संहितेतून काढून परिशिष्टात ठेवावी लागली. १९६६ साली हे कार्य पूर्ण झाले. ज्यांनी ते केले त्यांची महाभारतावरील भक्ती उणावली होती, असे कोण म्हणेल?

पुढे बायबलचे अध्ययनही पुण्यास आले. कँडीचे पोपचे विद्यापीठ १९५५ साली आणि यवतमाळचे युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली पुण्यास स्थलांतरित झाले. १९४३ साली पोप बाराव्या पायस ह्यांनी कॅथलिक पंडितांस मूळ भाषांतून चिकित्सक अभ्यास करण्याची मोकळीक दिली होती. १९४७ साली मृत समुद्राकाठच्या गुहांत इब्री पोथ्या सापडल्या आणि संहिताशास्त्राला पूर्वी माहीत असलेल्या पोथ्यांहून सुमारे हजार वर्षांनी जुने साधन मिळाले. परंतु ही विद्या बहुधा धर्मसंस्थांच्या आवारातच राहिली, आणि महाभारताची विद्या दुसऱ्या आवारात. एकाच शहरात, एकाच पद्धतीने काम करणाऱ्या ह्या दोन शेजारणींनी एकमेकींचा उंबरठा क्वचितच ओलांडला, हे आपले नुकसान आहे.

श्रोतेहो, दुसऱ्याच्या ग्रंथाची परीक्षा करणे सोपे असते. स्वतःच्या ग्रंथाची करणे कठीण. स्मिथ ह्यांनी ती केली आणि आसन गमावले. सुखठणकरांनी ती केली आणि गणपतीची कथा परिशिष्टात ठेवली. रमाबाईंनी ती पुरी केली नाही. पण ज्या स्त्रीला वेद उघडावयाचीही बंदी होती, तिने दोन परक्या भाषा शिकून एका धर्माचा मूळ ग्रंथ स्वतः लावला आणि खेड्यातल्या मुलींच्या हाताने छापून घेतला. परीक्षेची पहिली पायरी तीच आहे: ग्रंथ कोणाच्या तरी तोंडून ऐकावयाचा नाही, स्वतः उघडावयाचा. केडगावच्या स्थानकावर गाडी थांबेल तेव्हा एवढे आठवले, तरी पुरे.