पोवळ्याचे कुळ : खोल सागरातील प्रवाळांच्या अभ्यासाचा इतिहास

१

आपल्याकडे पोवळ्याची गणना नवरत्नांत होते. मंगळाचे रत्न म्हणून ते अंगठीत बसविले जाते. परंतु तो तांबडा खडा एके काळी असंख्य सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहतीचा आधारस्तंभ होता, हे धारण करणाराच्या सहसा ध्यानात येत नाही. हे पोवळे मूळचे भूमध्य समुद्रातले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोच आणि मुझिरिस या बंदरांत उतरणाऱ्या मालाच्या याद्या दिल्या आहेत; त्यांत पोवळ्याचा उल्लेख आहे. म्हणजे वस्तू दोन हजार वर्षे आपल्या परिचयाची. पण तिचे कुळ कोणते, हा प्रश्न मात्र अगदी अलीकडेपर्यंत अनिर्णित होता. पोवळे ज्या अष्टभुज प्रवाळांच्या वर्गात मोडते, त्या वर्गाची संपूर्ण फेरमांडणी २०२२ साली झाली आणि ती मुख्यतः जनुकीय पुराव्याच्या आधारे झाली.

प्रवाळ म्हटले की उथळ, उबदार, सूर्यप्रकाशित पाण्यातील प्रवाळभित्ती आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. वस्तुतः प्रवाळांच्या ज्ञात जातींपैकी सुमारे दोन-तृतीयांश जाती पन्नास मीटरांहून अधिक खोलीवर आढळतात. त्यांपैकी बहुतेकांच्या शरीरात सहजीवी शैवल नसते. प्रवाहाबरोबर येणाऱ्या अन्नकणांवर त्या काळोखात जगतात. या प्रवाळांचा अभ्यास प्रथम हाताला लागलेल्या सांगाड्यावरून झाला, मग शरीररचनेवरून आणि शेवटी जनुकांवरून. या तीन अवस्थांचा आढावा घेणे आणि प्रत्येक अवस्थेत आधीच्या निष्कर्षांचे काय झाले ते पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

पोवळे हे वनस्पती की खनिज, हा वाद प्राचीन होता. १७०६ साली इटालियन संशोधक मार्सिली याने ताजे पोवळे समुद्राच्या पाण्यात ठेवले, तेव्हा त्याच्या फांद्यांवर आठ पाकळ्यांची पांढरी फुले उमलल्यासारखी दिसली. पोवळे ही वनस्पतीच होय, असा निर्णय त्याने दिला आणि तो सर्वमान्य झाला. पुढे मार्सेय येथील वैद्य झां-आंद्रे पेसोनेल याने उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तीच ‘फुले’ पुन्हा पाहिली. ती स्पर्शाने आक्रसतात आणि पुन्हा उमलतात, हे त्याने ताडले आणि ते प्राणी आहेत असे प्रतिपादन केले. त्याचे हे मत रेओम्यूर याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवले खरे; परंतु अशा विलक्षण मताने लेखकाची अप्रतिष्ठा होऊ नये म्हणून त्याचे नाव सांगितले नाही! पेसोनेलच्या म्हणण्याला मान्यता मिळाली ती १७४० नंतर, गोड्या पाण्यातील जलव्याल या प्राण्यावरील त्रेंब्ले याचे प्रयोग प्रसिद्ध झाल्यावर.

या प्रसंगातून एक गोष्ट स्पष्ट होते. दोघांनीही पाहिली ती वस्तू एकच होती. भेद होता तो तिला विचारलेल्या प्रश्नात. मार्सिलीने आकार पाहिला, पेसोनेलने वर्तन पाहिले. पुढील अडीचशे वर्षांच्या इतिहासात हेच पुनःपुन्हा घडलेले दिसते.

३

थंड व खोल पाण्यातील प्रवाळांची विज्ञानाला ओळख करून दिली ती नॉर्वेच्या कोळ्यांनी. त्यांच्या गळांना आणि दोऱ्यांना अडकून येणाऱ्या पांढऱ्या फांद्यांना लिनीयसने १७५८ साली ‘मॅड्रेपोरा पर्ट्यूसा’ असे नाव दिले. १८४९ मध्ये याच प्रवाळासारख्यांसाठी ‘लोफेलिया’ ही प्रजाती स्थापन झाली आणि ‘लोफेलिया पर्ट्यूसा’ हे नाव रूढ झाले. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. त्याची पुढील कथा उद्बोधक आहे.

खोल समुद्राविषयीची त्या काळची समजूत मात्र वेगळीच होती. एडवर्ड फोर्ब्स याने १८४१-४२ मध्ये एजियन समुद्राचा तळ खरवडून पाहिला. जसजसे खोल जावे तसतशी जीवसृष्टी विरळ होत गेली. त्यावरून सुमारे तीनशे वावांच्या खाली जीवन नसावे, असे अनुमान त्याने काढले. एजियनचे खोल पाणी जात्याच जीवसृष्टीने दरिद्री आहे, हे त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. एका समुद्रावरून सर्व समुद्रांचा निर्णय करण्याचा हा दोष होता. १८६० साली सार्डिनिया आणि अल्जीरिया यांच्यामधील तारायंत्राची बिघडलेली तार सुमारे दोन हजार मीटर खोलीवरून वर काढण्यात आली. तिला प्रवाळ व इतर प्राणी चिकटलेले होते. किंबहुना ते तारेवरच वाढलेले होते. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ मिल्न-एडवर्ड्स याने १८६१ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. ते प्राणी त्या खोलीवरच जगले होते, यात शंकेला जागा उरली नाही.

पुढे १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या मोहिमेतील प्रकृतिशास्त्रज्ञ हेन्री मोझली याने ‘मिलेपोरा’ आणि ‘स्टायलास्टर’ या कठीण सांगाड्याच्या प्राण्यांचे विच्छेदन करून असे दाखविले, की हे दिसण्यात प्रवाळ असले तरी नात्याने जलव्यालाचे सोयरे आहेत. सांगाडा सारखा म्हणून कुळ एक, हे गृहीत येथे प्रथम हादरले.

हिंदी महासागरातील या कार्याचा मुंबईशी प्रत्यक्ष संबंध आहे. सागरी सर्वेक्षणाचे ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे चाकाचे आगजहाज १८८१ साली मुंबईच्या गोदीत बांधले गेले. किनाऱ्याचे नकाशे तयार करणे हे त्याचे मुख्य काम. फावल्या वेळी समुद्राचा तळ खरवडून प्राणी गोळा करावेत, अशी व्यवस्था होती. १८८८ पासून काही वर्षे आल्फ्रेड अल्कॉक हा त्यावर वैद्य व प्रकृतिशास्त्रज्ञ होता. अरबी समुद्र, बंगालचा उपसागर आणि अंदमानच्या परिसरातून मिळालेल्या खोल पाण्यातील अश्मप्रवाळांचा त्याचा ग्रंथ १८९८ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. त्याच संग्रहातील अष्टभुज प्रवाळांवरील टॉमसन व हेंडरसन यांचा ग्रंथ १९०६ साली निघाला. आपल्या सागरातील खोल प्रवाळांची अनेक नावे या दोन ग्रंथांतील नमुन्यांवर आधारलेली आहेत.

४

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अश्मप्रवाळांचे वर्गीकरण सांगाड्यातील उभ्या पडद्यांच्या सूक्ष्म रचनेवर स्थिर झाले. वॉन आणि वेल्स यांचा १९४३ चा ग्रंथ हा त्याचा कळस होय. परंतु एक अडचण कायम होती. एकाच जातीचे प्रवाळ प्रवाहाच्या वेगाप्रमाणे, खोलीप्रमाणे आणि आधाराप्रमाणे निरनिराळे आकार घेतात. उलट परस्परांहून दूरचे प्रवाळ समान परिस्थितीत सारखे दिसू लागतात. आकार हा वंशाचा पुरावा किती आणि परिस्थितीचा किती, हे केवळ आकारावरून ठरविता येत नाही. त्यासाठी सांगाड्याबाहेरचा स्वतंत्र साक्षीदार हवा होता.

तो साक्षीदार डी.एन.ए.च्या रूपाने मिळाला. त्यातील अक्षरक्रम वाचण्याची सँगरची पद्धती १९७७ सालची, डी.एन.ए.च्या अल्पशा अंशाच्या असंख्य प्रती करण्याची रीत १९८० नंतरच्या दशकात प्रचारात आली. १९९६ साली रोमानो आणि पालुम्बी यांनी अश्मप्रवाळांच्या तंतुकणिकांतील एका जनुकाची तुलना प्रसिद्ध केली. तीत असे आढळले, की हा सर्व गण दोन मोठ्या शाखांत विभागलेला आहे आणि त्या शाखा जुन्या उपगणांशी जुळत नाहीत. सांगाड्यावरून भिन्न उपगणांत घातलेले प्रवाळ एका शाखेत आले आणि एका उपगणातील प्रवाळ दोन्ही शाखांत विखुरले.

या वंशवृक्षात खोल पाण्यातील प्रवाळ फारसे नव्हते. ती उणीव किताहारा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये बऱ्याच अंशी भरून काढली, तेव्हा एक तिसरी व सर्वांत प्राचीन शाखा प्रकट झाली. ‘गार्डिनेरिया’ आणि ‘मायक्रबेसिया’ यांची कुले म्हणजे ही शाखा. हे प्रवाळ खोल पाण्यात राहणारे, एकेकटे वाढणारे आणि शैवलाविना जगणारे आहेत. २०११ मध्ये स्टोलार्स्की आणि सहकाऱ्यांनी ही शाखा सुमारे ४२.५ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली असावी, असा हिशेब मांडला. अश्मप्रवाळांचे विपुल जीवाश्म सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांपासून मिळू लागतात. म्हणजे सुमारे साडेअठरा कोटी वर्षांचा पूर्वेतिहास जवळजवळ मूकच राहिला होता. प्रवाळांचा इतिहास म्हणजे उथळ भित्तींचा इतिहास, ही समजूत यानंतर टिकणे कठीण झाले.

तथापि नवा साक्षीदारही निर्दोष नव्हता. २००३ मध्ये हेबर्ट याने अशी सूचना केली, की तंतुकणिकेतील एका ठराविक जनुकाचा तुकडा वाचून कोणत्याही प्राण्याची जाती ओळखावी. पक्षी, फुलपाखरे, मासे यांच्या बाबतीत ही रीत बहुधा यशस्वी झाली. प्रवाळांच्या बाबतीत तिने दगा दिला. प्रवाळांच्या तंतुकणिकांतील डी.एन.ए. इतर बहुतेक प्राण्यांच्या मानाने कित्येक पट मंद गतीने बदलते, त्यामुळे स्पष्टपणे भिन्न असलेल्या जातींतही तो तुकडा जसाच्या तसा आढळतो. अष्टभुज प्रवाळांच्या तंतुकणिकांत जीवाणूंच्या डी.एन.ए.-दुरुस्तीच्या जनुकाशी नाते सांगणारे एक जनुक आहे, हे १९९५ साली आढळले होते. ही मंदगती त्या दुरुस्तीमुळे असावी, असा तर्क करण्यात आला. परंतु अश्मप्रवाळांत ते जनुक नसूनही गती मंदच आहे. तेव्हा केवळ एवढ्याने उलगडा होत नाही. अभ्यासकांना अखेर पेशीकेंद्रातील शेकडो, हजारो स्थानांची एकत्र तुलना करणाऱ्या पद्धतींकडे वळावे लागले. अशाच पद्धतीने २०२२ साली मॅकफॅडन, व्हॅन ओफवेगेन आणि क्वात्रिनी यांनी अष्टभुज प्रवाळांचे जुने गण मोडून त्यांच्या जागी दोन नवे गण प्रस्थापित केले.

आता ‘लोफेलिया’ची गोष्ट. २०१६ साली अडामो आणि सहकाऱ्यांनी तिच्या जनुकांची तुलना ‘डेस्मोफिलम डायँथस’ या प्रवाळाशी केली. लोफेलिया फांद्या फोडून मैलोगणती भित्ती उभारते. डेस्मोफिलम सामान्यतः एकेकटे, पेल्याच्या आकाराचे असते. दिसण्यात इतके अंतर असूनही जनुकांत अंतर अत्यल्प निघाले, आणि लोफेलियाचा समावेश डेस्मोफिलममध्ये करण्यात आला. दीडशे वर्षांहून अधिक काळ ग्रंथांत, नकाशांत आणि कायद्यांत रूढ असलेले प्रजातीचे नाव असे इतिहासजमा झाले.

५

नाव बदलल्याने समुद्रातील प्रवाळाचे काय बिघडते, असे कोणी विचारील. उत्तर असे, की ज्याला नाव नाही किंवा ज्याचे नाव चुकीचे आहे, त्याचे रक्षण करणे दुर्घट असते. नॉर्वेच्या किनाऱ्यालगतच्या प्रवाळभित्तींपैकी तीस ते पन्नास टक्के क्षेत्राला तळ खरवडणाऱ्या जाळ्यांनी इजा पोहोचली असावी, असा तेथील संशोधकांचा अंदाज २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. या भित्ती वर्षाला काही मिलिमीटर ते फार तर दोन-अडीच सेंटिमीटर वाढणाऱ्या फांद्यांनी हजारो वर्षांत उभारलेल्या असतात. मोडलेली भित्ती पुन्हा वसेल काय, हे तेथे दुसरीकडून पिले येतात की नाहीत यावर अवलंबून आहे, आणि हे केवळ डोळ्यांनी कळत नाही. २००४ साली ल गोफ-वित्री आणि सहकाऱ्यांनी ईशान्य अटलांटिकमधील लोफेलियाच्या वसाहतींची जनुकीय तुलना केली. फियोर्डमधील वसाहती बाहेरच्या समुद्रातील वसाहतींपासून वेगळ्या पडल्या होत्या. स्कॉटलंडच्या वायव्येकडील ‘डार्विन माउंड्स’ येथे जनुकीय विविधता कमी होती आणि अनेक वसाहती एकमेकींच्या हुबेहूब प्रती होत्या. म्हणजे त्या लैंगिक प्रजननाने न वाढता तुकड्यांतून वाढलेल्या होत्या. हे क्षेत्र जाळ्यांनी खरवडले गेलेले होते. युरोपीय संघाने २००३ मध्ये तेथे तळजाळ्यांना तातडीची बंदी घातली आणि पुढे ती कायम केली. बाहेरून नवी पिले क्वचितच येत असतील तर अशा क्षेत्राची हानी भरून निघण्याची आशा फार थोडी, हा जनुकांनी दिलेला इशारा आहे.

आपल्या देशापुरते पाहता, २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ‘भित्ती बांधणारे प्रवाळ’ या शीर्षकाखाली सर्व अश्मप्रवाळ आणि ‘समुद्रपंखा’ या शीर्षकाखाली सर्व गॉर्गोनी प्रवाळ समाविष्ट झाले. हेतू स्तुत्यच. परंतु खोल पाण्यातील पुष्कळ अश्मप्रवाळ भित्ती बांधीत नाहीत. आणि ‘गॉर्गोनी’ हा नैसर्गिक वंश नसून पंख्यासारख्या आकाराने एकत्र आणलेला समुदाय आहे, हे जनुकीय अभ्यासाने दाखवून दिले आहे. कायद्याचा शब्द आणि निसर्गातील नाते यांत असे अंतर पडले, की जप्त केलेला एखादा तुकडा अनुसूचीत मोडतो की नाही याचा निर्णय अवघड होतो. तो निर्णय देण्याचे काम अखेरीस प्राणिशास्त्रज्ञाकडेच येते.

म्हणूनच अल्कॉकच्या काळचे संग्रह आज नव्याने मोलाचे ठरतात. प्राण्याचे नाव हे एका विशिष्ट नमुन्याला बांधलेले असते. तो नमुना हाच त्या नावाचा अंतिम आधार होय. मद्यार्कात ठेवलेल्या किंवा वाळविलेल्या जुन्या नमुन्यांतील डी.एन.ए. तुटके असले तरी तुकडे वाचणाऱ्या नव्या पद्धतींना ते पुष्कळदा पुरते. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्यांकडून मात्र फारच थोडी अपेक्षा करता येते. समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या डी.एन.ए.वरून तेथील प्राणी ओळखण्याची रीतही आता खोल समुद्रात वापरली जाऊ लागली आहे. परंतु पाण्यातील ते तुकडे कोणाचे, हे सांगण्यासाठी आधी खात्रीने ओळखलेल्या नमुन्यांची सूची हवी. ती नसेल तर यंत्र अक्षरे वाचील. अर्थ लागणार नाही.

मार्सिलीला फूल दिसले, पेसोनेलला प्राणी दिसला, आणि दोघांनी पाहिली ती वस्तू एकच होती. आजच्या जनुकीय पद्धतीलाही हाच न्याय लागू आहे. तिने सांगाड्याचा अभ्यास रद्द केला नाही. त्यातील कोणत्या खुणा वंशाच्या आणि कोणत्या परिस्थितीच्या, हे निवडण्यास तिने साह्य केले. ‘इन्व्हेस्टिगेटर’ने ज्या ठिकाणी तळ खरवडला, त्या ठिकाणांची नोंद उपलब्ध आहे. तेथून नवे नमुने आणून ते सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मूळ नमुन्यांशी आकाराने आणि जनुकांनी ताडून पाहणे, हे आपल्या सागरी प्राणिशास्त्रापुढील कर्तव्य आहे. ते पार पडेपर्यंत आपल्या खोल सागरातील प्रवाळांची नावे आपल्याला ठाऊक राहतील. त्यांचे कुळ मात्र आपण गृहीत धरीत राहू.