क्रीम टिकतं कशानं? अंगावरच्या खाजेचा इतिहास



आपल्या कर्जत-खालापूरच्या गटांमध्ये बचतीचा हिशोब झाला की गप्पांमध्ये एक विषय हमखास निघतो. कुणाच्या हाताला खाज, कुणाच्या गालावर पुरळ, कुणाच्या कपाळावर डाग. "हीच क्रीम चार वर्षं लावतेय, मग आत्ताच कसं झालं?" असा प्रश्न असतो. त्याचं उत्तर शोधायला आज थोडं मागे जाऊ.

आपल्या आज्यांचा साज आठवा. कुंकू कोरडं, ते बसावं म्हणून खाली मेण. केसांना खोबरेल, न्हायला शिकेकाई आणि रिठा, दिवाळीला उटणं. यातल्या कशातच साठवलेलं पाणी नव्हतं. पाणी घालायचं ते वापरताना. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नये, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. पापड वर्षभर राहतो, आमटी दुसऱ्या दिवशी आंबते. हाच नियम अंगाला लावायच्या वस्तूंनाही लागू पडतो. जुनं सगळं निर्धोक होतं असं मात्र नाही. जुना शेंदूर तर शिशाचाच असायचा.

मग कारखान्यातलं क्रीम, शॅम्पू, पातळ साबण घरात आले. यांत पाणी भरपूर असतं. नुसतं ठेवलं तर त्यात जंतू आणि बुरशी वाढणार. म्हणून त्यात टिकवणारं रसायन घालावं लागतं. ते नसेल तर बाटलीतले जंतू डोळ्यांत किंवा जखमेत जातील. म्हणजे ते घालणं गरजेचं आहे. अडचण अशी, की जंतूंना मारणारं रसायन काहींच्या कातडीलाही सोसत नाही.

यातलं एक फार जुनं रसायन म्हणजे फॉर्मलडिहाइड. त्याचं नाव आपल्या भागाला परकं नाही. केंद्र सरकारने १९६० साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही कंपनी स्थापन केली आणि खालापूर तालुक्यातल्या रसायनीला तिचा कारखाना उभा राहिला. तिथे बनणाऱ्या मालात फॉर्मलडिहाइडही होतं. डिंक, प्लायवूड अशा कितीतरी धंद्यांना ते लागतं. २०१७ साली सरकारने तिथले बहुतेक विभाग बंद करायचं ठरवलं. तिथला माल आपल्या क्रीममध्ये गेला, असं मी म्हणत नाही. पण जे रसायन टँकरने कारखान्यांना जातं, तेच थेंबाथेंबाने बाटलीतही असू शकतं, हे लक्षात घ्या.

फॉर्मलडिहाइडने अ‍ॅलर्जी होते हे कळल्यावर कंपन्या दुसऱ्या रसायनांकडे वळल्या. काही रसायनं हळूहळू फॉर्मलडिहाइडच सोडणारी निघाली. पुढे मिथाइलआयसोथायाझोलिनोन आलं. नाव लांब आहे, पण त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ते आधी रंग, डिंक अशा कारखान्यांच्या मालात होतं. २००५ साली युरोपात ते सौंदर्यप्रसाधनांत एकट्याने वापरायला परवानगी मिळाली. थोड्याच वर्षांत तिथल्या दवाखान्यांत हात आणि चेहरा सुजलेल्या बायकांची रांग लागली. बाळाला पुसायच्या ओल्या वाइप्समध्येही ते होतं. आयांचे हात आणि बाळांचं अंग दोन्ही लाल झालं. २०१३ साली अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या संस्थेने त्याला 'वर्षातला अ‍ॅलर्जीकारक पदार्थ' ठरवलं. २०१७ मध्ये युरोपात अंगावर तसंच राहणाऱ्या क्रीममधून त्यावर बंदी आली. परवानगीपासून बंदीपर्यंत बारा वर्षं गेली. त्या बारा वर्षांत परीक्षा झाली ती वापरणाऱ्यांच्या कातडीवर.

आपल्याकडची गोष्ट टिकलीची. मेण गेलं, चिकटवायची टिकली आली. १९९० साली अलाहाबादच्या डॉ. ए. के. बजाज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहून दाखवलं, की टिकलीच्या डिंकातल्या एका रसायनामुळे कपाळावर पांढरा डाग पडतो. हे टिकवणारं रसायन नव्हे, चिकटवणारं आहे. ते कातडीला रंग देणाऱ्या पेशीच मारतं. असा डाग दिसला की घरात कुजबुज सुरू होते, मुलीचं लग्न अडतं. मैत्रिणींनो, तो डाग एकीचा दुसरीला लागत नाही. कोडसुद्धा लागत नाही.

आता चार वर्षांच्या क्रीमचं कोडं. अ‍ॅलर्जी पहिल्या दिवशी होतेच असं नाही. शरीर एखाद्या पदार्थाला ओळखायला शिकतं, त्याला महिने किंवा वर्षंही लागतात. एकदा ओळखलं की सहसा जन्मभर विसरत नाही. मग थोडंसं लागलं तरी एक-दोन दिवसांत खाज आणि पुरळ उठतं. आपण त्याला नायटा समजून मेडिकलमधून ट्यूब आणतो. काही मलमांतही टिकवणारं रसायन असतं, त्यामुळे त्रास वाढूही शकतो.

खरं कारण शोधायची पद्धत जुनी आहे. १८९५ साली योझेफ याडासोन या जर्मन डॉक्टरने पॅच टेस्ट दाखवून दिली. संशयित पदार्थ पाठीवर दोन दिवस चिकटवून ठेवतात आणि कुठे लाल होतं ते बघतात. आपल्या देशात तपासायच्या पदार्थांच्या यादीत फॉर्मलडिहाइड आणि पॅराबेन आहेत, शिवाय आपल्या बांधावरचं गाजरगवतही आहे. त्वचेच्या डॉक्टरकडे या तपासणीची चौकशी करा.

गटांनी इतकं तरी करावं. त्रास सुरू झाला की ती वस्तू बंद करा, पण बाटली फेकू नका, डॉक्टरला दाखवा. मागच्या बाजूला घटक छापलेले असतात, ते मुलीकडून वाचून घ्या. नवीन क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रोज दोनदा, आठवडाभर लावून बघा. साबण आणि फिनेल असे तपासू नका. फार्महाउसवर धुणीभांडी करणाऱ्या मैत्रिणींनी हात स्वच्छ धुऊन कोरडे करावेत. आणि जे गट फेसपॅक किंवा क्रीम विकायचं म्हणतात, त्यांनी आधी अन्न व औषध प्रशासनाचा परवाना घ्यावा आणि लेबलवर प्रत्येक घटक लिहावा. दुसऱ्याच्या बाटलीकडे आपण जे मागतो, ते आपल्या बाटलीवरही असलं पाहिजे.

डॉक्टरांना रसायनाचा दोष कळला तो रुग्णांनी हात पुढे करून दाखवल्यावर. तुमच्या हाताला काही झालं असेल तर पुढच्या बैठकीत सांगा, लपवू नका.