दिनविशेष : २३ डिसेंबर

२०१६ मध्ये याच दिवशी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 'नुसिनर्सेन' या औषधाला मंजुरी दिली. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी या जनुकीय आजारावरचे ते पहिलेच औषध. या आजारात मज्जारज्जूतील चेतापेशी मरत जातात. तीव्र प्रकारात बाळाला मान धरता येत नाही, पुढे श्वासही घेववत नाही. औषध कमरेतून सुईने थेट मणक्यातील द्रवात सोडतात आणि ते 'एसएमएन २' या जनुकाकडून गरजेचे प्रथिन जास्त बनवून घेते. चाचणीत काही तान्ह्या बाळांना औषध न देता पाठीवर नुसती सुई टोचून वर पट्टी लावली, म्हणजे पालकांनाही फरक कळू नये. हे निर्दयपणाचे होते, असा आक्षेप रास्तच वाटतो. पण त्या तुलनेमुळेच शंका उरली नाही: औषध मिळालेल्या ७३ पैकी ३७ बाळांनी हालचालींत प्रगती केली, न मिळालेल्या ३७ पैकी एकानेही नाही. मधल्या तपासणीत गुण दिसताच चाचणी लवकर थांबवून उरलेल्या बाळांनाही औषध खुले केले, हे महत्त्वाचे.

आजार समूळ जात नाही, मग एवढा खर्च कशाला, असे कोणी म्हणेल. बसू लागलेल्या मुलाच्या घरी हा प्रश्न टिकत नाही. खरी अडचण किमतीची आहे. अमेरिकेत पहिल्या वर्षाची किंमत साडेसात लाख डॉलर ठरली आणि डोस पुढेही दर चार महिन्यांनी लागतो. आपल्या दुर्मीळ आजार धोरणातील मदतीची मर्यादा मात्र ५० लाख रुपये. तिरोडीच्या मँगनीज खाणीतील मजुराने वरची रक्कम कुठून आणावी? ही मर्यादा वाढवलीच पाहिजे.