संस्थानी ध्वज

ब्रिटिश काळातील हिंदी संस्थानांची निशाणे. यांत दोन वेगळ्या परंपरा एकत्र आल्या. पहिली रणांगणावरची: मराठ्यांचा भगवा व जरीपटका, जयपूरच्या कछवाहांचा पंचरंगा. काबूलच्या मोहिमेनंतर राजा मानसिंहाने पंचरंगा स्वीकारला, असे परंपरा सांगते.

दुसरी परंपरा सरळसरळ विलायती. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले. त्या निमित्ताने व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याने संस्थानिकांना साटीनचे ध्वज बहाल केले. त्यांवरील ढालीच्या आकाराची राजचिन्हे बंगालच्या मुलकी सेवेतील रॉबर्ट टेलर याने युरोपीय सरदार घराण्यांच्या धर्तीवर रेखाटली. मेवाडच्या चिन्हात ढालीच्या एका बाजूला राजपूत योद्धा, तर दुसऱ्या बाजूला धनुर्धारी भिल्ल उभा आहे. घराण्याचा सूर्यही आहे. शिंद्यांच्या ग्वाल्हेरला सूर्य व नाग मिळाले. साचा परका खरा, पण आत भरलेला मजकूर अस्सल देशी होता. पितळी कामाचे दांडे मात्र इतके जड, की एकेक ध्वज पेलायला दोन धिप्पाड गोरे शिपाई लागत. मानाची ही भेट मांडलिकत्वाची खूणही होती.

पुढे हीच चिन्हे संस्थानांच्या कोर्टफी कागदांवरही छापली जात. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि त्यांच्या ध्वजांचा राजकीय अधिकार संपला.