‘सावधान’ कोणासाठी?

गेल्या उन्हाळ्यात मुरुमला माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं. पुण्यात नोकरी करणाऱ्या तिला ‘डेस्टिनेशन वेडिंग’ हवं होतं. काकांनी सरळ शेतातच मांडव घातला. मंगलाष्टकं सुरू झाली आणि वळीव आला. आधी अंतरपाट उडाला, मग मांडवाचं कापड. सगळं वऱ्हाड गोठ्याच्या पत्र्याखाली.

“नवरदेवाला धरून ठेवा, न्हाईतर रामदास व्हायचा!” मामा ओरडले. सगळे हसले.

ती गोष्ट आपल्याला पाठ आहे. नारायण सूर्याजी ठोसर, जन्म १६०८, गाव जांब, आजचा जालना जिल्हा. बाराव्या वर्षी बोहल्यावर उभा केला, भटजी ‘सावधान’ म्हणाले आणि तो खरंच सावध होऊन पळाला. थेट नाशिकजवळच्या टाकळीला. तिथं बारा वर्षं तप, मग बारा वर्षं भ्रमंती. समर्थ रामदास १६८२ मध्ये गेले. हा प्रसंग त्यांच्या मागे संप्रदायानं आणि बखरींनी सांगितला. त्यामुळे तो परंपरा म्हणूनच वाचायचा.

मी आज्जीला विचारलं, “आणि ती नवरी?”

“तिला कोण इचारतंय?” आज्जी म्हणाली.

गोष्ट पळणाऱ्याबरोबर जाते. मुलगी मांडवातच राहते. त्या काळी लहानपणीच लग्न आणि नवरा गेला की जन्मभराचं वैधव्य, हे अनेकींच्या वाट्याला यायचं. रामदासांच्याच शिष्या वेणाबाई बालविधवा होत्या. पुढे त्यांनी मिरजेचा मठ सांभाळला आणि ‘सीतास्वयंवर’ लिहिलं. जिचा संसार सुरू होण्याआधीच संपला, तिनं लग्नाचं काव्य लिहिलं!

हे सगळं फार जुनंही नाही. मुलीच्या लग्नाचं वय किमान १४ करणारा शारदा कायदा १९२९ चा. पण तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. शेजारच्या सोलापूरला लागू, निजामाच्या राज्यातल्या मुरुमला नाही. माझ्या पणजीचं लग्न इथंच झालं, अकराव्या वर्षी. तिच्याही लग्नात भटजी ‘सावधान’ म्हणालेच असतील. पळून ती जाणार कुठं?

पाऊस थांबला. पत्र्याखालीच काकांचं उपरणं अंतरपाट म्हणून धरलं आणि उरलेली मंगलाष्टकं झाली. ‘शुभमंगल सावधान’ म्हटल्यावर बहीण उपरण्यावरून डोकावून नवऱ्याकडे बघत हसली. ती सव्वीस वर्षांची आहे, स्वतः कमावते. पळायचं असतं तर तिला पळता आलं असतं. म्हणून तिचं थांबणं मला महत्त्वाचं वाटलं.