शेजारच्या बाकावर कोण?

२०१५ साली लंडनमध्ये जाहीर झालेल्या एका खाद्यपुरस्कारात दादरच्या ‘आस्वाद’ची मिसळ जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ ठरली. हा निवाडा कोल्हापूरकराने मान्य करणे शक्यच नव्हते. नाशिककर आणि पुणेकरही तो मानणार नव्हते. प्रत्येकाच्या मनात आपल्या गावातल्या हॉटेलांची एक यादी असते आणि तिच्यातले पहिले नाव बदलायला तो सहजी तयार होत नाही. माझीही यादी आहे. तिच्यात माटुंग्याच्या उडुपी बोर्डिंगचे केळीचे पान आहे, इराण्याचा ब्रुन मस्का आहे, दादरचा साबुदाणा वडा आणि पियुष आहे.

या यादीवर बोलताना आपली शब्दसंपत्ती उफाळून येते. तर्री किती आली, कट किती झणझणीत, पाव ताजा की कालचा, दुसऱ्यांदा रस्सा मागितल्यावर मालकाच्या कपाळावर आठी पडली का, हे आपण बारकाईने सांगतो. पण या हॉटेलांचा इतिहास जुळवायला बसलो की वेगळेच प्रश्न समोर येतात. कोणाच्या हातचे खाल्ले? कोणाच्या शेजारी बसून खाल्ले? आणि खिशात पैसे नव्हते तेव्हा कोणाच्या भरवशावर खाल्ले? आपल्या आवडत्या हॉटेलांची खरी कुळकथा या तीन प्रश्नांत आहे, आणि चवीच्या वर्णनात नेमकी तीच गळते.

घरच्या स्वयंपाकाला मराठीत ग्रंथ लाभले. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या ‘गृहिणी-मित्र’पासून कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’पर्यंत मोठी परंपरा उभी राहिली. बाहेरच्या खाण्याला असे भाग्य मिळाले नाही. त्याचा इतिहास भिंतीवरच्या पाट्यांत, जुन्या जाहिरातींत, उधारीच्या वह्यांत आणि माणसांच्या आठवणींत विखुरलेला आहे.

कोणाच्या हातचे?

बाहेर खाणे ही आपल्याकडे एके काळी चैन नव्हती, जोखीम होती. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी जमली. त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. काहींनी घेतली, काहींनी नुसताच कप हातात धरला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले. शंकराचार्यांकडून चौकशी झाली. यादीत टिळक होते आणि रानडेही होते. हायकोर्टाचे न्यायाधीशपद पुढे भूषवणाऱ्या रानड्यांनाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. त्या चहाच्या चवीबद्दल कोणी काही लिहून ठेवल्याचे मला आढळले नाही. वाद होता तो किटलीला कोणाचा हात लागला याचा.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली की विसाव्या शतकाच्या आरंभीच्या पाट्या नीट वाचता येतात. ‘हिंदू हॉटेल’, ‘ब्राह्मणांचे उपाहारगृह’ या पाट्या आत काय मिळते ते सांगत नव्हत्या; आत कोण रांधतो ते सांगत होत्या. काण्यांनी १९१० मध्ये दादरला आपले उपाहारगृह सुरू केले. ‘मामा काणे’ या नावाने ते प्रसिद्ध झाले आणि ‘स्वच्छ’ हा शब्द त्याच्या नावातच होता. कळकट भटारखान्यांच्या शहरात आरोग्याच्या दृष्टीने तो शब्द मोलाचा होता. पण सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या गिऱ्हाइकाला त्यात आणखी एक आश्वासन ऐकू येत असणार. गावाहून आलेला कारकून बटाटेवड्याची पहिली प्लेट मागवायला धजला, तो या आश्वासनावर.

माटुंग्यातल्या उडुपी खानावळींनीही हीच गरज ओळखली. ए. रामा नायक यांनी १९४२ मध्ये माटुंगा स्टेशनालगत ‘उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ काढले. घर सोडून आलेल्या नोकरदाराला घरासारखे, घरच्या रीतीने वाढलेले पान हवे होते. आज तिथे केळीच्या पानावर भात-रसम जेवणारा माणूस आचाऱ्याचे कूळ विचारत नाही. मात्र एके काळी तो प्रश्न न विचारता सुटावा, यासाठीच अशा जागांची घडी बसली होती.

कोणाच्या शेजारी?

हाताचा प्रश्न पाटीने सोडवला. शेजाराचा प्रश्न अवघड होता, कारण पंगतीत जागा ठरलेली असते आणि बाकावर ती मोकळी असते.

या प्रश्नाला थेट हात घातला तो कोल्हापुरात. गंगाराम कांबळे हे छत्रपती शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवल्याच्या कारणावरून त्यांना सवर्ण नोकरांनी बेदम मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि कांबळ्यांना स्वतःच्या धंद्यासाठी भांडवल दिले. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ नावाचे चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा गावात प्यायचा कोणी? तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा मागवीत. सह्या-शिक्क्यांच्या कामासाठी मागे आलेल्यांनाही मग तो कप घ्यावाच लागे, असे सांगितले जाते. मराठी मुलखातले सगळ्यात महत्त्वाचे हॉटेल कोणते, असे मला कोणी विचारले तर मी हे नाव सांगेन. तिथल्या चहात आले होते की वेलदोडा, हे ठाऊक नसले तरी चालते.

मुंबईत हेच काम कोणाच्या आज्ञेशिवाय, केवळ धंद्याच्या सोयीने घडले. इराणच्या यझ्द आणि केरमान भागांतून आलेल्या झरतुष्ट्री मंडळींनी कोपऱ्यावरच्या जागा घेतल्या. कोपऱ्यावरचे दुकान अशुभ असा हिंदू व्यापाऱ्यांचा समज असल्याने त्या स्वस्तात मिळाल्या, अशी कथा सांगतात. धोबी तलावचे कयानी १९०४ चे, ग्रँट रोडचे बी. मेरवान १९१४ चे, बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया १९२३ चे. संगमरवरी टेबले, लाकडी वाकवलेल्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, गल्ल्यावर शेठ. इराणी आपल्या जातिव्यवस्थेच्या उतरंडीबाहेरचा होता, म्हणून त्याच्या टेबलाला कोणाची जात चिकटली नाही. टेबल रिकामे नसेल तर अनोळखी माणसासमोरच्या खुर्चीत बसायचे, हा तिथला रिवाज. गोदीतला हमाल, कॉलेजचा विद्यार्थी आणि बेकार कवी एकाच टेबलावर पानी कम चहा पीत. ही गोष्ट पंगतीत घडणे अशक्य होते.

इराण्यांच्या पाट्या मनाईसाठी प्रसिद्ध होत्या. निसिम इझिकेल यांनी तशाच एका पाटीवरून इंग्रजीत कविता केली. या मनाया आपण गंमत म्हणून वाचतो. मला त्यात जे नाही ते महत्त्वाचे वाटते. मोठ्याने बोलण्यापासून रेंगाळत बसण्यापर्यंत माणसाच्या वागण्यावर त्या बोट ठेवतात, पण जन्मावर एक अक्षर नाही.

याचा अर्थ इराण्याने समता आणली असा नव्हे. अंड्याच्या वासाने कित्येक सोवळी घरे त्या पायरीपासून लांबच राहिली. बायका तिथे एकट्यादुकट्या क्वचितच दिसत. त्यांच्यासाठी ‘फॅमिली रूम’चा आडोसा असे. शिवाय इराण्याचा कोपरा मुंबईत होता, खेड्यात नव्हता. खेड्यातल्या चहाच्या दुकानात दलितांसाठी कप वेगळा, तो खोपट्याला बाहेर टांगलेला आणि त्यांनीच विसळून ठेवायचा, ही रीत कित्येक ठिकाणी चालूच होती. म्हणून २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने पंधराव्या कलमात दुकानांबरोबर सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख केला. चहाचे बाकडे घटनेत यावे लागले, यावरून त्या बाकड्याचे वजन कळावे.

कोणाच्या भरवशावर?

तिसरा प्रश्न गिरणगावातला. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापली, आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची माणसे शहरात लोटली. ती बहुधा एकटी येत. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे स्त्रिया होत्या. एकेका गाळ्यात वीस-पंचवीस गडी पाळीपाळीने झोपत. त्यांना रोज दोन वेळा कोणी जेवू घातले, हा त्या शहराचा मूळ प्रश्न होता.

त्याचे उत्तर होती खानावळवाली बाई. कामगाराची बायको, विधवा, टाकलेली. गिरणीतल्या नोकऱ्यांतून बायका हळूहळू बाहेर फेकल्या गेल्या. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत सुमारे एक पंचमांश असलेले त्यांचे प्रमाण पुढे नगण्य झाले. अशा घरांना खानावळीने तारले. दहा बाय बाराच्या खोलीत पहाटे चारला चूल पेटे. कोकणातल्या गड्याला भात आणि मासळीचे कालवण, घाटावरच्याला भाकरी आणि कोरड्यास. डबा गिरणीच्या फाटकावर पाळीच्या आत पोचला पाहिजे. हिशेब वहीत, पैसे पगार झाल्यावर.

या खानावळीची चव कुठल्या यादीत नाही, पाटीसुद्धा नव्हती. पण तिने जे दिले ते इराण्याने दिले नाही. इराण्याकडे कोणीही बसावे, मात्र पैसे रोख. खानावळीत बसायला गाव, नाते, बहुतेकदा जातही जुळावी लागे, पण आत आल्यावर उधारी चाले. एकाकडे मोकळा शेजार होता, दुसरीकडे भरवसा. दोन्ही एका छपराखाली क्वचितच मिळाले.

हा भरवसा फुकटचा नव्हता. संप झाला की कामगाराचा पगार थांबे, पण भूक थांबत नसे. बाई वाण्याकडून उधार आणी, सावकाराकडे दागिना ठेवी आणि डबे चालू ठेवी. गोवा मुक्तिसंग्रामात आणि नंतर कामगार चळवळीत काम केलेल्या प्रेमा पुरव यांनी हे जवळून पाहिले. संपाच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या या बायकांच्या पाठीशी कोण आहे, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातून १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे राहिले. राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज या बायकांना गटाच्या हमीवर मिळू लागले. सावकाराच्या व्याजाखालून काहीजणी सुटल्या आणि स्वतःच्या सहीने व्यवहार करू लागल्या.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या. कामगार गावी गेले आणि वहीतली नावे तशीच राहिली. या संपाने गिरणी मालकांचे, कामगारांचे, सरकारचे किती नुकसान झाले याची चर्चा भरपूर झाली. खानावळवालीच्या बुडालेल्या उधारीची बेरीज कुठल्या अहवालात मांडलेली माझ्या वाचनात आली नाही. तोपर्यंत मुंबईतल्या कापडाच्या प्रत्येक वारामागे तिची एक भाकरी होती, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आज त्याच गिरण्यांच्या आवारात काचेची उपाहारगृहे आहेत, आणि मोबाइलवरून मागवलेला डबा दारात येतो. शेजाराचा प्रश्नच उरला नाही, कारण शेजारीच उरला नाही. भरवशाची जागा कार्डाने घेतली. आचाऱ्याचे नाव आपल्याला कळत नाही, आणि तो कोण हे न विचारता आपण जेवतो, ही मात्र १८९० च्या मानाने मोठीच प्रगती म्हणायची.

माझी सूचना साधी आहे. आपापल्या गावच्या आवडत्या हॉटेलावर जरूर लिहावे आणि मिसळीचे गुणगान मनसोक्त करावे. पण त्याबरोबर चार गोष्टी टिपून ठेवाव्यात. हॉटेल कोणी, कुठून येऊन, कोणाच्या पैशावर काढले. जुन्या पाटीवर काय लिहिले होते. मोरीवर कप कोण विसळते. आणि उधारीची वही होती का, असल्यास ती कुठे आहे. मालक म्हातारे झाले आहेत, खानावळवाल्या आज्या त्याहून म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्यांच्या वह्या अजून काही माळ्यांवर, ट्रंकांच्या तळाशी असतील. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देण्याआधी त्या एकदा उघडून पाहाव्यात.