गोडावणची जमीन

१८०९ ते १८२९ या वीस वर्षांत रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रजाने तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारले. एका माणसाने, एका जिल्ह्यात. १९६९च्या सुमारास देशभरात मिळून अंदाजे १२६० माळढोक उरले होते. २०१८च्या अंदाजानुसार जेमतेम दीडशे, आणि त्यातले बहुतेक सगळे राजस्थानात, जैसलमेरच्या आसपास. ज्याच्या नावातच आपला ‘माळ’ आहे, तो पक्षी बघायला मला पुण्याहून हजार किलोमीटरहून जास्त गाडी हाकावी लागली.

एकटाच गेलो. गाडीत दुसरं माणूस असलं की बोलणं होतं, दार वाजतं, कुणालातरी चहा हवा असतो. पक्ष्यांच्या फोटोला हे चालत नाही. काच खाली करून, इंजिन बंद ठेवून तासन् तास बसावं लागतं. अशा बसण्यात एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. लांबून ओसाड वाटणारी जमीन रिकामी नसते. सेवण गवताच्या झुबक्याआडून चिंकारा मान वर काढतो. बिळाच्या तोंडाशी सांडा ऊन खात पडलेला असतो. संध्याकाळी वाळवंटी कोल्हा निघतो, त्याच्या शेपटीचं पांढरं टोक काळोखातही दिसतं.

इथल्या लोकांना हे फार आधीपासून माहीत होतं. जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० साली राजवाड्याच्या कामासाठी खेजडीची झाडं तोडायला महाराजा अभयसिंहांची माणसं आली. अमृतादेवी बिश्नोई झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या आणि मारल्या गेल्या. त्यांच्यामागे आणखी माणसं पुढे होत गेली. एकूण ३६३ जीव गेले, तेव्हा कुठे तोड थांबली. खेजडी म्हणजे आपली शमी. तिची सावली, शेंगा आणि पाला यांवर माणसं आणि जनावरं दुष्काळ काढतात.

जैसलमेरकडे अशीच दुसरी रीत आहे, ओरणची. देवाच्या किंवा लोकदेवतेच्या नावाने गावाने सोडलेली जमीन. तिथे कुऱ्हाड चालत नाही, नांगर फिरत नाही. गुरं चरतात आणि गोडावणही चरतो. माळढोकाला इकडे गोडावण म्हणतात. पण महसुली दप्तरात अशा कितीतरी ओरणांची नोंद सरकारी पडीक जमीन अशीच आहे. पडीक म्हटलं की ती देऊन टाकायला सोपी.

रामदेवराच्या पुढे, रस्त्यापासून बऱ्याच अंतरावर, मला गोडावण दिसला. नर होता. डोक्यावर काळी टोपी, लांब पांढरी मान, उंची साधारण एक मीटर. कुणाची घाई नसल्यासारखा एकेक पाऊल टाकत चालला होता. उन्हाच्या झळांनी चित्र थरथरत होतं. त्याच्यामागे पवनचक्क्या, आणि मधे आडव्या विजेच्या तारा.

एकेकाळी त्याचा शत्रू दिसायचा. १९७८-७९च्या हिवाळ्यात एक अरब राजपुत्र ससाणे घेऊन जैसलमेरच्या वाळवंटात शिकारीला उतरला, तेव्हा राजस्थानात लोक रस्त्यावर आले. शिकार थांबवावी लागली. १९८०मध्ये डेझर्ट नॅशनल पार्क झालं, १९८१मध्ये गोडावण राजस्थानचा राज्यपक्षी झाला. लोकांनी ठरवलं तर बंदूक थांबते, हे त्या हिवाळ्याने दाखवलं.

तारेविरुद्ध मात्र मोर्चा काढता येत नाही. गोडावणचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे समोरचं त्याला फार कमी दिसतं. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं. तार दिसली तरी ऐनवेळी वळणं त्याला जमत नाही. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, म्हणून एक पक्षी गेला तरी ती उणीव भरून यायला वर्षं लागतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा मसुदा लिहिणारे एम. के. रणजितसिंह याच पक्ष्यासाठी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२१मध्ये न्यायालयाने गोडावणच्या भागातल्या तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं. २०२४मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञांची समिती नेमली, कारण देशाला सौर आणि पवन ऊर्जाही हवी आहे. दोन्ही बाजूंना पृथ्वी वाचवायची आहे, हा या प्रकरणातला खरा पेच.

आपल्याकडचा पेच वेगळा होता. १९७९मध्ये सोलापूर-नगर भागात माळढोक अभयारण्य जाहीर झालं, तब्बल ८४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं आली, शेतं आली, अख्खी शहरं आली. जमिनीचे व्यवहार अडले आणि ज्या पक्ष्याला वाचवायचं, त्याच्यावरच लोक चिडले. शेवटी अभयारण्य १२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. कागदावर माळ खूप होता, पण तो राखणाऱ्या मेंढपाळाशी कुणी बोललं नव्हतं. ओरणमध्ये नेमकं उलट होतं. कागद नव्हता, पण राखण होती.

२०१९पासून जैसलमेर जिल्ह्यात सम इथे गोडावणची अंडी यंत्रात उबवून पिल्लं वाढवली जात आहेत. मोठं काम आहे. पण ती पिल्लं एक दिवस सोडायची कुठे? अंडं यंत्रात उबतं, माळ उबत नाही. आपल्या सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ म्हणून लिहिलेल्या तुकड्यातही टिटवी अंडी घालते, ससा लपतो. पुढच्या वेळी तिथून जाताना पाच मिनिटं थांबून बघा.

त्या नराचा एकच बरा फोटो मिळाला. मागच्या तारा फोनवरसुद्धा एका बोटाने पुसता आल्या असत्या. मी त्या तशाच ठेवल्या आहेत.